प्रोटिएजवर अख्खं करिअर होतं का? (एमएससी दुसरं वर्ष, सल्ला हवाय)

पपईची_बी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएससी बायोकेमिस्ट्री करतेय. प्रोजेक्ट म्हणून कच्च्या पपईच्या चिकातून पपेन हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, काढतेय. दूध पावडरच्या प्लेटवर थेंब टाकला की थोड्या वेळात पांढऱ्यात गोल, काचेसारखी खिडकी पडते. शंभरदा बघितली तरी मला कंटाळा येत नाही.

घरी मात्र वेगळंच. पप्पा म्हणतात, "मटणाला पपई लावली की ते लवकर शिजतं हे तुझ्या आजीला माहीत होतं, त्याला एमएससी कशाला?" मला सूज, इम्युनिटी, आजार या बाजूला जायचंय. नेट परीक्षेतली जेआरएफ (पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती) थोडक्यात हुकली. एका कंपनीत क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासायची) नोकरी मिळतेय. पप्पांना शुगर आहे, घरात मोठी मीच. पुन्हा नेट देऊन पीएचडीच्या मागे लागू की नोकरी धरू? आणि एकाच जातीच्या एन्झाइमवर माणूस आयुष्य काढू शकतो का?

गोळीबंद

क्यूसी धर. पगार सुरू झाला की डोकं शांत राहतं. नेट नोकरी करतानाही देता येते. मी दिली. (नापास झालो, तो भाग वेगळा.)

जुना_पिपेट

आयुष्य काढता येतं. मी चोवीस वर्षं काढली, ठाण्याकडच्या एका औषध कंपनीत. पण माझं सोड, नॅन्सी थॉर्नबेरी या औषध-संशोधक बाईंचं ऐक.

बाईंनी अमेरिकेत मुहलेनबर्ग कॉलेजातून पदवी घेतली आणि १९७९ साली थेट मर्क या औषध कंपनीत लागल्या. पीएचडी नाही. तेव्हा एक कोडं सगळ्यांना छळत होतं. इंटरल्युकिन-१ बीटा हे ताप आणि सूज आणणारं प्रथिन मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीत आधी लांबलचक, निकामी रूपात बनतं, साधारण ३१ हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप). कोणीतरी ते कापतं आणि १७ हजारांचा कामाचा तुकडा बाहेर येतो. कापणारा कोण? कात्री ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या एका मण्याच्या) पुढेच चालते एवढं कळलं होतं, आणि अशी आवड असलेलं एन्झाइम दुर्मिळ. मर्कच्या गटाने चार अमिनो आम्लांचं आमिष बनवलं, टोकाला ॲस्पार्टेट. ते कॉलमवर (गाळणीसारख्या नळीत) चिकटवून पेशींच्या रश्शातून नेमकं तेच एन्झाइम गळाला लावलं. १९९२ च्या नेचर या नियतकालिकातल्या त्या पेपरवर पहिलं नाव थॉर्नबेरीबाईंचं. पुढच्याच वर्षी कळलं की सीइलेगन्स या एवढ्याशा कृमीत पेशींना मरायला लावणारं सेड-३ हे जनुक याच एन्झाइमचं नातेवाईक आहे. मग कुटुंबच सापडत गेलं, कॅस्पेज नाव पडलं, आणि हे झालं कॅस्पेज-१.

त्याला अडवणारी गोळी काही आजतागायत दुकानात आलेली नाही. इथे बऱ्याच जणांचं करिअर "आशादायक होतं" या शब्दांवर संपतं.

बाई वळल्या मधुमेहाकडे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटतं आणि इन्शुलिनला उठवतं. पण डीपीपी-४ नावाचं प्रोटिएज त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं आणि ते दोनेक मिनिटांत गार पडतं. छाटणाऱ्याचा हात धरला की काम झालं. गोम अशी की हेच डीपीपी-४ टी-पेशींच्या अंगावर असतं; इम्युनॉलॉजीवाले त्याला सीडी-२६ म्हणून आधीपासून ओळखत होते. म्हणजे शुगर उतरवताना प्रतिकारशक्तीच उतरली तर? त्यात हाताशी असलेल्या सुरुवातीच्या रसायनांनी उंदरांना आणि कुत्र्यांना त्रास दिला. दुसऱ्या एखाद्या गटाने दुकान बंद केलं असतं. यांनी शोधलं की दोष डीपीपी-४ ला अडवल्याचा नाही, सोबत त्याची चुलत भावंडं डीपीपी-८ आणि ९ अडवली जातात त्याचा आहे. मग फक्त ४ ला धरणारा रेणू शोधला. सिटाग्लिप्टिन. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेत मंजुरी.

आता गंमत. दहाएक वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी दाखवलं की डीपीपी-८ आणि ९ अडवले की मोनोसाइट फुटून मरतात, आणि त्यांना फोडायचं काम सुरू करतं कॅस्पेज-१. बाईंचं पहिलंच एन्झाइम! मी तो पेपर लोकलमध्ये वाचत होतो, डोंबिवलीला उतरायचं राहिलं.

तेव्हा एन्झाइम बदलतं, आजार बदलतो, पण रोजचे प्रश्न तेच: हे काय कापतं, नेमकं कुठे कापतं आणि याला धरून ठेवणारा कोण. हे तीन तू पपेनला विचारायला शिकलीस तर कुठेही विचारशील. परदेशच लागतं असंही नाही. पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) १९९८ साली निघालेला सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवरचा आढावा आजही जगभर उद्धृत होतो.

जाता जाता, पप्पांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी "ग्लिप्टिन" आहे का बघ.

सहावा_मजला

पिपेटराव, गोष्ट झकास, पण पोरीला अर्धीच सांगताय. १९७९ ची मर्क आणि आजची आपली कंपनी यात फरक आहे. इथे आर अँड डीत एमएससीवाला दहा वर्षांनी तिथेच असतो आणि पीएचडी झालेला त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. मी बसलेला पाहिलाय, माझ्याच डोक्यावर. क्यूसीत तर प्रश्न विचारायचे नसतात, एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती, पाळायची असते. जेआरएफ आता महिना ३७ हजार आहे. एक प्रयत्न अजून कर.

जुना_पिपेट

सहावा_मजला, मान्य. मीही पीएचडी नसल्याची किंमत मोजलीय. पपईताई, त्यांचं ऐक.

पपईची_बी

काका, पाकीट बघितलं. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन एकत्र! पप्पांना वाचून दाखवलं. ते पाकीट उलटसुलट करत बसले, मग म्हणाले, "आधी ही महाग होती, मध्ये एकदम उतरली, ते पण तुमच्या बाईंमुळे का?" एमएससी कशाला, हे मात्र आज विचारलं नाही.

जूनची नेट देतेय. कंपनीला नाही कळवलं अजून.

आता रडगाणं: माझं पपेन रात्रीत मरतं. संध्याकाळी खिडकी मोठी, सकाळी नखाएवढी. आणि त्याला कोण अडवतं ते दाखवायला लॅबमधलं पीएमएसएफ (प्रोटिएज अडवणारं रसायन) घातलं तर फारसा फरकच नाही.

जुना_पिपेट

भाव उतरला तो २०२२ मध्ये इथलं पेटंट संपलं म्हणून, असं पप्पांना सांग.

प्रोटिएजवाल्यांची पहिली फजिती हीच. माझ्या पहिल्या वर्षी मी पीएमएसएफ आदल्या दिवशीच बफरमध्ये घालून ठेवलं, शहाणपणा म्हणून. पाण्यात ते तासाभरात निम्मंही उरत नाही. सकाळी प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर बँडच्या जागी वरपासून खालपर्यंत निळी धार. तीन आठवड्यांचं प्रथिन चिरलं गेलं.

तुझं दुखणं मात्र वेगळं. पीएमएसएफ मुख्यतः सेरीन प्रोटिएजचं, म्हणजे सेरीन हे अमिनो आम्ल वापरून कापणाऱ्यांचं, आणि पपेन सिस्टीन वापरून कापणारं. शिवाय त्याचं सिस्टीन हवेने बिघडतं, आणि उबेत ठेवलंस तर ते स्वतःलाही खातं. बर्फावर ठेव, मोजायच्या आधी ताजं सिस्टीन किंवा डीटीटी (हा बिघाड उलटवणारं रसायन) घालून जागं कर. अडवायला ई-६४ उत्तम, पण महाग. आयोडोॲसिटामाइड बहुतेक तुमच्या कपाटात असेल. ते घालायच्या आधी जास्तीचं डीटीटी काढून टाक, नाहीतर ते डीटीटीलाच जाऊन चिकटेल आणि तू पुन्हा म्हणशील फरक नाही.

प्लेटचे फोटो टाक.