मदत हवी आहे: बाबांसोबत चीनच्या पॅसेंजरने

ऑक्टोबरमध्ये बाबांना घेऊन चीनच्या सिचुआन प्रांतात जातोय. बाबा शेतकरी, त्यांना उंच इमारती नकोत, तिकडची शेतं आणि बाजार बघायचेत. पुशिओंग ते पानझिहुआ ही ५६३३ नंबरची हिरवी पॅसेंजर डोक्यात बसलीय. तिकडच्या लिआंगशान डोंगराळ भागातले यी जमातीचे लोक कोंबड्या-बकऱ्या घेऊन हिच्यातूनच बाजाराला जातात, तिकीट २ युआनपासून! (आपली जुनी एसटीच म्हणा.)

चेंगदूहून (सिचुआनची राजधानी) वाटेतल्या शिचांगला उतरून मधूनच ही गाडी पकडावी, की थेट पुशिओंग गाठावं? अलीपेला (चीनचं पेमेंट ॲप) भारतीय कार्ड जोडलंय, पण गावाकडच्या मिनीबसमध्ये रोख घेतात का? लहान गावातले लॉजवाले परदेशी पासपोर्ट बघून परत पाठवतात म्हणे, मग मुक्काम शिचांगलाच करावा का? तिकडच्या तिखट जेवणाची काळजी नाही, बाबा खानदेशातले आहेत.