डॉक्टरकी शिकता शिकता केलेली कामं : तुमचे अनुभव सांगा

माझी भाची यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज सरकारी, पण मेस, पुस्तकं, येणंजाणं यांचा मेळ बसेना. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, एखादं काम मिळेल का गं कुठे?" इतर कॉलेजांत 'कमवा आणि शिका' असतं. हिचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलेजात, वर थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीची अट. उरतात त्या रात्री.

तुम्ही काय केलंत? किती मिळायचे? अभ्यासाचं काय झालं? नापास झाला असाल तर तेही लिहा, इथे कुणी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेत नाहीये.

माझ्यापासून सुरुवात. होस्टेलवर मी साड्यांना फॉल लावायचे. साडीमागे १५ रुपये, गोष्ट १९९८ सालची. पुढे सर्जरीच्या पोस्टिंगला सर म्हणाले, "हात बसलेला दिसतोय." फॉलचा टाका आणि जखमेचा टाका यांचा काडीचा संबंध नाही, पण छाती फुगली होती खरी.

पेन्सिलवाला
मी दुसऱ्यांची जर्नलं लिहायचो. चुकीचं होतं, मान्य. हिस्टॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी-ऊती बघायच्या विषयाला, तर रांग लागायची, कारण माझ्याकडे एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला जांभळी अशी पेन्सिल होती आणि हात स्वच्छ होता. जांभळ्याने केंद्रकं, गुलाबीने बाकी सगळं. एका जर्नलचे ३०० रुपये. गंमत म्हणजे प्रॅक्टिकलला स्लाइड समोर आली की मला लगेच ओळखू यायची. ज्यांची जर्नलं लिहिली ते बसायचे डोकं खाजवत.

लातूरकर
'नीट' या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये डाऊट काउंटर, म्हणजे पोरांच्या शंका सोडवायच्या. सुट्टीत गावी आले की संध्याकाळी ५ ते ९. एक टेबल, एक खुर्ची आणि समोर वह्या घेऊन उभी असलेली पोरं. त्यातली निम्मी डाऊट विचारायला यायचीच नाहीत, "ताई, कटऑफ किती लागंल?" एवढंच विचारायची. बायो सोपं जायचं. पैसे वेळेवर मिळायचे. एवढंच.

रात्रपाळी
नाव बदलून लिहितोय. बीएचएमएसच्या, म्हणजे होमिओपॅथीच्या, तिसऱ्या वर्षाला असताना एका वीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात नाइट ड्युटी करायचो. रात्री ९ ते सकाळी ८, चारशे रुपये. बाहेर पाटीवर '२४ तास डॉक्टर उपलब्ध'. तो डॉक्टर म्हणजे मी. ना पदवी, ना रजिस्ट्रेशन. ॲप्रन घाल आणि कमी बोल, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दीड महिना सलाइन, उलट्या, ताप यावर निभावलं. मग एका पहाटे तीनला छातीत दुखणारा माणूस आला, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. ईसीजीच्या छातीवरच्या लीड कुठे लावायच्या ते पुस्तकात वाचलेलं. बरगड्यांमधली चौथी फट मोजायला लागलो, हात थरथरतोय, आकडा चुकतोय, पुन्हा पहिल्यापासून. मोठे सर फोन उचलेनात. त्याची बायको माझ्याकडे बघून सारखं "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब" करत होती. शेवटी सिस्टर, वीस वर्षं तिथे काढलेली बाई, मला बाजूला सारून म्हणाली, "काय मोजत बसलाय? गाडी बोलवा." तिनेच बोलावली, तिनेच मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. माणूस वाचला असं नंतर कळलं.

मी सकाळी ॲप्रन तिथेच ठेवला. त्या महिन्याचे पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. मावशी, भाचीला काहीही करू द्या, हे नको. आज माझ्याच भागात अशा पाट्या दिसतात.

हायडलबर्गहून
मी जर्मनीत मेडिसिन शिकतेय. इथे विद्यार्थ्यांनी काम करण्यात कुणाला काही वाटत नाही. आम्हां बाहेरच्या देशांतल्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस मुभा आहे, २०२४ च्या आधी १२० होती. मी 'सिट्झवाखे' करते, म्हणजे रात्रभर पेशंटच्या उशाशी बसायचं. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं भ्रमात उठतात, सलाइन ओढून काढतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. औषधाला हात लावायचा नाही, काही झालं की बेल दाबायची. एक आजी मला रात्रभर मारिया म्हणत होत्या. मीही ओ देत राहिले. बायोकेमिस्ट्री निम्मी त्याच खुर्चीत झाली.

इंटर्न होतो तेव्हा
इंटर्नशिपमध्ये आम्हाला महिना सहा हजार. आता महाराष्ट्रात १८ हजार झालेत. मी वडिलांच्या वडापावच्या गाडीवर उभा राहायचो. आमचे लेक्चरर यायचे, तळलेली मिरची जास्त मागायचे. वॉर्डात ओळख दाखवायचे नाहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचं भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प होती. आता दिवाळीच्या सुट्टीत डाऊट काउंटरला जायचं म्हणतेय. कुणी फिजिक्स विचारलं तर काय, एवढीच तिला धास्ती.