मदत हवी आहे: स्टिअरिंग जॉइंटचा बोल्ट जाम, डोकंही गोल झालं

मंडळी, वडिलांची १९९८ ची मारुती ८०० दापोलीला घरी असते. समुद्र जवळ, त्यात चार पावसाळे गाडी नुसती उभी. स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) काढायचाय, पण स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या जॉइंटचा, पिनियनवर (रॅक सरकवणाऱ्या दातेरी दांड्यावर) आवळणारा बोल्ट हलायला तयार नाही. तो पूर्ण बाहेर आल्याशिवाय जॉइंट सरकणारच नाही.

गंजाचा स्प्रे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारला. मग १२ नंबरच्या रिंग पान्याला पाइप लावून जोर केला (चूक माझीच, आधी सहा कोनी सॉकेट आणायला हवं होतं) आणि डोक्याचे कोपरे गेले. आता व्हाइस ग्रिपही (घट्ट धरून लॉक होणारी पक्कड) सटकतोय.

गावातला मेकॅनिक म्हणतो, गॅस कटरने तापवू. पण शेजारीच रॅकचं रबरी बूट (आवरण) आहे, आत ग्रीस. शिवाय जॉइंट तापून नरम पडला तर? घणाचे ठोके पिनियनला बसतील म्हणून तेही टाळतोय.

माझ्या मते डोक्यावर मोठा नट वेल्ड करून, त्याच उष्णतेत थोडं मागे-पुढे हलवत सोडवणं बरं. बॅटरीची वायर काढूनच करेन. कुणी हे अशा अडचणीच्या जागेत केलंय का? की सरळ ड्रिल करावं? बोल्ट कडक असतो, साधं बिट टिकेल असं वाटत नाही.

आणि नवा बोल्ट ८.८ ग्रेडचा (बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) घेतला तर चालेल, की कंपनीचाच लावू? स्टिअरिंगचं काम आहे, हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही टाकायची हिंमत होत नाही.