ड्रेन बोल्टचे आटे गेलेत. दुरुस्ती घरी करू की शोरूमला देऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी १२५ सीसी, २०१८ची, कार्ब्युरेटरवाली, पुढे-मागे ड्रम ब्रेक. रनिंग ६१ हजार. नाशिकरोडहून अंबड एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर होतात. वॉरंटी संपली तरी मी सर्व्हिसिंगला शोरूमलाच टाकत आलो.

मागच्या वेळी बिल २,३४० झालं. त्यात चेन साफ करून टाइट केल्याचे पैसे धरलेले. घरी येऊन पाहिलं तर चेन तशीच लोंबत होती, ॲडजस्टरच्या नटावरची वाळलेली मातीसुद्धा हललेली नव्हती. परत गेलो तर "चालवा, बसेल" एवढंच उत्तर. पैशांपेक्षा त्याचं वाईट वाटलं. मागे बायको आणि मुलगी बसतात हो.

म्हणून या वेळी ऑइल घरी बदललं. मॅन्युअलप्रमाणे १० डब्ल्यू ३० ग्रेडचं, जेएएसओ एमए (बाइकच्या ऑइलची खूण) छापलेलं, बाइकचंच घेतलं. (क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो, हे इथल्याच एका जुन्या धाग्यावर वाचलं होतं.) जुनं ऑइल काढायचा इंजिनखालचा ड्रेन बोल्ट काही केल्या सुटेना. शेवटी रिंग पान्याला पाइप लावला, तेव्हा निघाला, पण सोबत ॲल्युमिनियमची चकचकीत तार आली. कधी कुणी इतका आवळला होता कोण जाणे. नवा वॉशर टाकून बसवलाय, तरी शेवटच्या पिळाला पकड घेत नाही, नुसता फिरतो. रात्रभर गाडी उभी राहिली की खाली रुपयाएवढा डाग पडतो. रोज सकाळी डबल स्टँडवर लावून लेव्हल बघतो. अजून खालच्या खुणेच्या वर आहे.

मी सीएनसी मशीनवर काम करतो, त्यामुळे टॅप मारणं (भोकात आटे पाडणं) हाताखालचं आहे. पण इंजिनवर कधी मारलेला नाही. टॅपला ग्रीस लावला तरी थोडा कीस आत जाणारच. तो थोडं ऑइल ओतून खालून धुऊन निघतो का? हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवावी की एक माप मोठा बोल्ट? हे कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. शोरूमवाले क्रँककेसच (इंजिनचं खालचं कवच) बदला म्हणतात, तो खर्च मला झेपणारा नाही. सिडको, सातपूर किंवा द्वारकेकडे असं काम नीट करणारा लेथवाला किंवा गॅरेजवाला माहीत असेल तर भाग सांगा.

दुसरं म्हणजे, पुढे घरी काय करावं? ऑइल, एअर फिल्टर, प्लग आणि चेन यांची धास्ती वाटत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन थंड असताना फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, करतात, तेही शिकेन. ब्रेक लायनरला मात्र हात लावायचा धीर होत नाही. पावसात त्र्यंबक रोडला उतारावर ब्रेक लागला नाही तर? तेवढंच काम समोर उभं राहून करून घ्यावं का?

आणि निघालेलं काळं ऑइल बाटलीत भरून ठेवलंय. गटारीत ओतलं तर शेवटी गोदावरीतच जाईल, ते माझ्याच्याने होणार नाही. नाशिकमध्ये ते कोण घेतं?

बोल्टचा आणि भोकाचा फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. तोवर गाडी कंपनीत न्यावी की उभीच ठेवावी, एवढं आज रात्री कुणी सांगितलं तर बरं होईल.