आईवडील तुमच्या लिखाणात कुठून शिरले?

काल जुन्या कागदांत बाबांच्या हातचा एक तक्रारअर्ज सापडला. छत गळतंय, एवढंच. चार ओळी, एकही विशेषण नाही. माझ्या कथेतली माणसं कधी रडत का नाहीत, ते तेव्हा कळलं! लोक 'कोरडं लिहितेस' म्हणतात. आता बिनधास्त सांगणार, वारसा आहे. तुमचं कसं? लिहा.

——

आमच्याकडे उलटं. आई नुसती शेजारी डोकावून आली तरी सगळ्यांचे आवाज काढून दाखवायची. माझे संवाद बरे असतात म्हणतात, ते तिचेच. तिला सांगितलं तर म्हणते, "मग मानधनातलं अर्धं माझं."

——

मानधन मिळतं??? कुठे ते आधी सांगा 😂

——

लेखक काफ्काने १९१९ मध्ये बापाला लांबलचक पत्र लिहिलं, पोचवायला आईकडे दिलं, आणि तिने ते परत आणून दिलं म्हणे. मधल्या मधे अडवणारी ती आई माझ्या फार ओळखीची आहे. आमच्या घरातली सगळी भांडणं तिच्याच पदरात जिरली. म्हणून की काय, मला खलनायक जमतच नाही, प्रत्येकाची बाजू दिसत राहते. बाळ उठलं, नंतर येते.

——

आयांवरून आठवलं. १८२४ साली इंग्रज कादंबरीकार डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि हा बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात. बाप सुटल्यावरही पोराने कामावर जावं असं आईला वाटत होतं, ते तो कधी विसरला नाही. आणि बापावर बेतलेला 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर मात्र किती लाडका! उधळ्या बाप गमतीचा, घर चालवणारी आई दुष्ट. मला हे पटत नाही. माझ्या कादंबरीत मी मुद्दाम हिशोबाची वही आईच्या हातात दिलीय, आणि नायिका तीच आहे.

——

+१. वही ठेवणाऱ्यांवर कुणी लिहितच नाही.

——

आई सगळं वाचते, त्यामुळे प्रेमप्रसंग लिहिताना हात आखडतो. शेवटी टोपणनाव घेतलं. तिने आठवड्यात ओळखलं. "एवढे स्वल्पविराम आपल्याच घरात पडतात."

——

😂😂 काकूंना संपादक नेमा.

——

आधी त्या मानधनाचं सांगा हो कुणीतरी.