पदवी विकत घेतलेला नागरिक तोंड उघडतो का?

शेवटचा बाक (धागाकर्ता)
खासगी विद्यापीठ म्हटलं की चर्चा फीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझी तक्रार पुढची आहे. बाविसाव्या वर्षी कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला मुलगा पुढची दहा वर्षं हप्त्यांच्या धाकात काढतो. तो संपात उतरत नाही, साहेबाला उलट बोलत नाही, कमी पैशाची पत्रकारिता किंवा गरिबांची वकिली त्याला परवडत नाही. हा माणूस मत देईल, पण भांडेल का?

चिलीचं बघा. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत १९८१ साली नव्या खासगी विद्यापीठांना दार उघडलं. नफा काढायला कायद्याने बंदी होती. त्यावरची पळवाट अगदी सोपी: इमारत मालकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर ठेवायची आणि विद्यापीठाने तिला भाडं भरायचं. पुढे २००५ मध्ये, लोकशाही सरकार असताना, बँकांकडून कर्ज आणि त्याला सरकारची हमी अशी सोय निघाली. म्हणजे व्याज बँकेला, बुडीत सरकारला. २०११ मध्ये पोरं रस्त्यावर आली ती उगाच नाही.

उलटतपासणी
असहमत. सरकारी म्हणजे स्वतंत्र, हे कुठून काढलंत? नेमणूक सरकारची, पगार सरकारचा, आणि प्राध्यापकाने टीकाही सरकारवरच करायची? हंगेरीतलं, बुडापेस्टचं सेंट्रल युरोपियन विद्यापीठ खासगी, अब्जाधीश गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांच्या पैशावर १९९१ मध्ये उभं राहिलेलं. तिथल्या पंतप्रधान ओर्बान यांच्या सरकारने २०१७ मध्ये नेमका त्याच्या मापाचा कायदा शिवला आणि त्याला व्हिएन्ना गाठावं लागलं. सत्तेला खुपलं ते खासगीच.

दुसरं, फुकट शिक्षणाचा खर्च कोण उचलतो? जे कधी कॉलेजात गेलेच नाहीत तेही, करातून. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये फी आली, २०१२ मध्ये कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. तरी गरीब वस्त्यांतल्या तरुणांचं प्रवेशाचं प्रमाण नंतरही वाढत राहिलं.

कोरा कागद
हंगेरीची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. २०२१ मध्ये त्याच सरकारने बरीचशी सरकारी विद्यापीठं प्रतिष्ठानांच्या हवाली केली. विश्वस्तांत मंत्री आणि सत्ताधाऱ्यांची माणसं, तीही बिनमुदतीची. म्हणजे उद्या निवडणूक हरलो तरी विद्यापीठ आपलंच. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने या प्रतिष्ठानांना नवा निधी द्यायचं थांबवलं, ते यामुळेच. विद्यापीठ सरकारच्या हाताबाहेर असणं ही तुमच्या मते ढाल, तेच तिथे हत्यार झालं.

इंग्लंडमधल्या तरुणांबद्दल बोललात ते खरं. पण नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या त्याच काळात कोसळली. लोकशाहीच्या दृष्टीने मला तो माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

उलटतपासणी
अर्धवेळवाल्यांचा मुद्दा मान्य. हंगेरीचा नाही. सरकारने आपली मालमत्ता आपल्याच माणसांना दिली, याला खासगीकरण म्हणत नाहीत, याला वाटमारी म्हणतात.

खडू
बहुतेक ठिकाणी खासगीकरण याच वाटेने येतं की हो! 😀
अवांतर: जर्मनीत काही राज्यांनी २००६ च्या सुमारास फी आणली आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी काढूनही टाकली. बव्हेरियात तर लोकांनी सह्यांची मोहीम करून सरकारला भाग पाडलं. फी बसवणं हा राजकीय निर्णय, उठवणंही राजकीयच. ‘दुसरा इलाज नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

उलटतपासणी
मग चिलीतही तेच झालं. २०११ च्या आंदोलनातला गाब्रिएल बोरिक २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. तोंड बंद झालं असतं तर हे कसं घडलं असतं?

शेवटचा बाक
बोरिक आणि त्याच आंदोलनातली दुसरी नेता कामिला वायेहो, दोघंही चिली विद्यापीठाचे. सरकारी.

उलटतपासणी
आणि त्यांच्याच बरोबरीचा जॉर्जियो जॅक्सन कॅथलिक विद्यापीठाचा. खासगी.

कोरा कागद
जुनं, सरकारी अनुदान घेणारं खासगी. १९८१ नंतर उघडलेल्या दुकानांतून कोण पुढे आलं ते सांगा.

उलटतपासणी
शोधून सांगतो. पण ‘दुकान’ म्हणू नका. घरातली पहिलीच पदवी घ्यायला निघालेली कितीतरी पोरं तिथेच शिकत होती. त्यांना दुसरीकडे जागा कुणी देत नव्हतं.