मदत हवी आहे: डुकरिणीच्या पिल्लांना गाईचं दूध चालतं का? (तातडीचं)

आजरेकर | रात्री ११:१२
डुकरीण व्यायलीय. पिल्लं गार पडायला लागलीत, एक गेलं पण. गाईचं दूध पाजलं तर चालतंय का? चालत असंल तर पाणी किती घालायचं? बाटली नाही, सिरिंज हाय. लवकर सांगा. लिंका टाकू नका, वाचायला वेळ नाही.

गोठेवाली | ११:१७
पिल्लं किती? कधीपासून व्यायतेय? पहिलटकरीण आहे का? आईला दूध नाही का? नेमकं तेच लिहिलेलं नाही तुम्ही.

शेळीवाला बापू | ११:१९
माझ्या उस्मानाबादी शेळीला तिळं झालेलं तेव्हा एका करडाला चुलीजवळ पोत्यात ठेवलं आणि गुळाचं पाणी चाटवलं. सकाळी उड्या मारत होतं. शेळीला ओवा-गूळ द्या.

आजरेकर | ११:२३
बापू, शेळी नव्हं, डुकरीण.
ताई, सात झाली, सहा हाईत. पहिलं आठच्या सुमारास आलं. पहिलीच खेप, तिची पण आणि आमची पण. घरात आजवर म्हशीच. डुक्कर माझ्या हट्टानं आलं, त्यामुळं आण्णा माडीवरनं खाली उतरलेले नाहीत. दूध हाय की, सड दाबला की धार येते. आता गाईच्या दुधाचं सांगा.

काणकोणकर | ११:२६
पांढरी विलायती आहे ना? वाटलंच. आमच्या काणकोणात आगोंदची काळी गावठी डुकरीण रात्री काजूखाली जाऊन व्यायते, सकाळी पिल्लं घेऊन दारात हजर. या जातीची आता सरकारदरबारी नोंदही आहे. पुढच्या वेळी गावठी घ्या.

गोठेवाली | ११:२७
पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू हो. आजरेकर, दूध आहे तर पिल्लं तिच्यापाशी का नाहीत?

आजरेकर | ११:२९
नाळंबरोबरची वार पडली नाही ना अजून. वार पडल्याशिवाय कोण पाजतंय? माझ्या आईनं एकेक पिल्लू आलं तसं पुसून भाताच्या पाटीत जुन्या लुगड्यात घेतलंय. म्हशीला पण आम्ही असंच करतो.

निवृत्त पशुवैद्य | ११:३१
फोन खाली ठेवा. पाटी उचला. पिल्लं तिच्या सडांना लावा. मग पुढचं वाचा.

डुकरीण म्हैस नव्हे. तिच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगं असतात, पिल्लं दोन्हीकडून येतात. वार तुकड्या-तुकड्यांनी पडते, बरीचशी सगळ्यात शेवटी. तोवर थांबाल तर पहिलं पिल्लू चार-पाच तास उपाशी राहील. पिल्लाच्या अंगात चरबी नसल्यातच जमा, म्हणून ते गार पडतं. पोटात असताना त्याला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे काही मिळतं ते चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून. तो चीक पचवून रक्तात घ्यायची आतड्याची ताकद पहिल्या काही तासांत सर्वात जास्त, दिवसाभरात संपते.

म्हशीचा माणूस | ११:३६
डॉक्टरसाहेब, आईंचं अगदीच चूक नाही. आमच्या आजीपासून वार पडल्यावरच धार काढतात.

निवृत्त पशुवैद्य | ११:३८
तेही चूकच. रेडकू लुचलं की वार पडायला मदतच होते. चीक पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. नोकरीभर हेच सांगत आलो, माझ्या सासुरवाडीतसुद्धा कोणी ऐकत नाही.

अनुदानवाला | ११:४०
राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल ३० लाख. प्रकल्प अहवाल लागेल. कागदपत्रांची यादी हवी असल्यास सांगा.

आजरेकर | ११:४३
पिल्लं जवळ नेली तर गुरगुरली. एकावर तोंड टाकलं, कान फाटला त्याचा. आई म्हणते परत पाटीत घ्या. आता??

काणकोणकर | ११:४४
बिअर पाजा. खरंच सांगतो. एक बाटली पाण्याच्या डब्यात ओतली की आडवी होते.

फार्मवाला ९६ | ११:४५
ऑक्सिटोसिन मार २ मिली. सगळा माल बाहेर, विषय संपला.

निवृत्त पशुवैद्य | ११:४७
दोन्ही नको. आत पिल्लू आडवं असेल तर कळा वाढवणाऱ्या त्या इंजेक्शनानं गर्भाशय फाटायची भीती. न तपासता कोणीही देऊ नये, आणि 'मार' तर नाहीच.
आजरेकर, शेवटचं पिल्लू कधी आलं? कळा देतेय का? गोठ्यात माणसं किती?

आजरेकर | ११:४९
शेवटचं साडेदहाला. अधूनमधून शेपूट हलवते, बाकी गप पडून हाय. माणसं आठ-नऊ. शेजारचे बघायला आलेत, ट्यूब लावलीय.

गोठेवाली | ११:५०
ट्यूब बंद करा, माणसं घालवा! पहिलटकरीण घाबरलीय. आईंनाच बसू द्या. पोटावरून, सडांवरून सावकाश हात फिरवायला सांगा. कुशीवर पडून हळू 'घुं-घुं' करायला लागली की एक शांत पिल्लू आधी लावा, मग बाकीची. आणि तासभर जोरानं कळा देऊन काही बाहेर आलं नाही, तर डॉक्टरला उठवायचंच.

शेळीवाला बापू | ११:५४
ओवा दिला का?

आजरेकर | १२:२१
आईनं हात फिरवला. आधी पाय झाडले, मग घोरल्यासारखा आवाज काढत आडवी झाली. सहाच्या सहा लागलीत. आणि पिल्लं लुचायला लागली तशी दहा मिनिटांत आठवं आलं! ते नाळेसकट लडबडत आईच्या पायापर्यंत गेलं आणि तिथनं वळून स्वतःच सडाकडं. आई बघतच राहिली.

निवृत्त पशुवैद्य | १२:२६
लुचल्यानं कळा वाढतात, त्याचा हा परिणाम. कोपऱ्यात १०० चा बल्ब टांगा, खाली कोरडा पेंढा. पिल्लं एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, बल्बपासून लांब पांगली तर उकडतंय. भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच पाइप किंवा बांबू बांधा, नाहीतर ती बसताना पिल्लं चेंगरतील. सर्वात लहान असेल ते पुढच्या सडाला लावा, तिथं दूध जास्त. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू नका. उद्या १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करून डॉक्टरांना दाखवा. तिला १०४ च्या वर ताप आला, सड दगडासारखे लागले किंवा खाणं सोडलं तर थांबू नका.

काणकोणकर | १२:३०
गावठीला यातलं काहीच लागत नाही.

फार्मवाला ९६ | १२:३१
गावठीला आठ पिल्लं होतात का पण?

आजरेकर | सकाळी ६:४८
रात्रभर बांबू बांधत होतो म्हणून आता लिहितोय. एकूण नऊ झाली, आठ जिवंत. वार दीडच्या पुढं पडली, दोन लगदे. आईनं लगेच पुरली, डुकरीण खाईल म्हणून. कान फाटलेलंच सगळ्यात दांडगं निघालं, दुसऱ्याचा सड हिसकावतंय. आण्णा पहाटे उतरले, दारातनं मोजून 'आठ' म्हणाले आणि परत वर गेले.
गाईच्या दुधाचं मात्र कोणीच सांगितलं नाही.

गोठेवाली | ७:०५
आता गरज नाही म्हणून सांगते. डुकरिणीचं दूध गाईच्यापेक्षा बरंच दाट. कधी द्यायची वेळ आलीच तर पाणी अजिबात घालू नका.

शेळीवाला बापू | ७:११
आणि शेळीचं?